नीलकंठची रंगीत नक्कल

नोव्हेंबरात पेन्शनर लोक हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लावतात. २००८ सालच्या त्या रांगेत माझ्यापुढे नीलकंठ ढोके उभा होता. खिडकीशी पोचल्यावर बाबूनं फॉर्म पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. नीलकंठनं पेनाला हात लावला नाही. डाव्या हातानं शाईचं पॅड ओढलं, अंगठा दाबला आणि फॉर्मवर टेकवला.

मी बघून न बघितल्यासारखं केलं. तीस वर्षं स्टेजवर काढल्यावर एवढं जमतं. पण घरी आल्यावर चहाचं आधण उकळून आटलं तरी मी ओट्याशी उभीच होते. जबलपुरात कांचघरपासून रांझीपर्यंत ज्याचं अक्षर बघायला लोक थांबायचे, तो माणूस अंगठा उठवून परत गेला होता.

पुढे कळलं, त्याचा उजवा हात दोन वर्षांपासून कापत होता. कप धरला तर बशी वाजायची. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं कमी होईल, थांबणार नाही. नीलकंठनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त लिहिणं बंद केलं होतं.

नीलकंठ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचे वडील उमरेडहून जीसीएफमध्ये, म्हणजे तोफगाड्यांच्या कारखान्यात, कामाला आले, माझे भंडाऱ्याहून. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडेच राहिलो. शाळा हिंदीतून, बाजार हिंदीतून, शिव्यासुद्धा हिंदीतून. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, विहारात आणि आमच्या नाटकात.

नीलकंठ वडिलांच्या मागोमाग कारखान्यात लागला. त्याचं काम पेंट शॉपमध्ये. लाकडी खोक्यांवर पत्र्याचा छापा धरायचा आणि वरून रंग मारायचा. ‘यह ओर ऊपर.’ ‘आग से बचाओ.’ चौतीस वर्षं त्यानं हेच लिहिलं. पण त्याच्याजवळ बसलात तर तो तुम्हाला या दोन ओळींवर तासभर ऐकवू शकत होता.

“खोका कुठं जाऊन राहिला, कोण उचलून राहिला, आपल्याला माहीत नाही, ताई,” तो म्हणायचा. “आपण तिथं सांगायला नसतो. म्हणून अक्षरानंच ओरडलं पाहिजे. आणि ते कश्मीरात जावो की आसामात, तसंच दिसलं पाहिजे जसं मी मारलं.”

हाच नीलकंठ आमच्या मंडळाच्या नकला करायचा. नक्कल म्हणजे नटाच्या हातात द्यायची नाटकाची प्रत. आमच्या मंडळात छापलेलं पुस्तक कधी आलं नाही. मोतीराम नावाचा एक फिटर होता, तो नाटक लिहायचा आणि नीलकंठ ते उतरवून काढायचा. मोतीरामचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. नीलकंठच्या हातून तेच पान बाहेर पडलं की नजर हटत नसे.

त्याची एक पद्धत होती. तो पात्रांची नावं लिहायचाच नाही. प्रत्येक पात्राला एक रंग. शाईच्या वड्या तो सराफ्याजवळच्या एका दुकानातून आणायचा आणि घरी कालवायचा. माझी भूमिका लाल, हवालदार निळा, सासू हिरवी, मुकादम तपकिरी. आवाज चढवायचा असेल तिथं अक्षर मोठं. पुटपुटायचं असेल तिथं बारीक. थांबायचं असेल तिथं कोरी जागा. तालमीला नवं कोणी आलं की विचारायचं, “तू कोण?” आणि आम्ही सांगायचो, “मी लाल.” मग तो बिचारा जातपात, पक्ष, काय काय मनात आणायचा.

आमचं सगळ्यात गाजलेलं नाटक ‘घागर नंबर सात’. वस्तीतल्या नळावर घागरींची रांग लागते. शेवंताची घागर रोज सातवी असते आणि पाणी रोज सहाव्या घागरीशी संपतं. १९७० साली आंबेडकर जयंतीला पहिला प्रयोग झाला. शेवंता मी होते. चौथ्या प्रवेशात ती हवालदाराला विचारते, “पाणी सरकारचं आहे ना, साहेब?” त्यानंतर माझ्या नकलेत चार बोटं मोकळी जागा होती. तिथं मी थांबायची. मनात सात मोजायची. मैदानात रडणारं पोर गप्प व्हायचं. मग म्हणायची, “तर मग मी कोणाची आहे?” त्या थांबण्याला जबलपूरनं टाळ्या दिल्या, इटारसीनं दिल्या, एकदा तर नागपूरनंही दिल्या.

तर असा हा माणूस अंगठा उठवून गेला. पुढचे सात-आठ महिने तो विहारातही मागे भिंतीला टेकून बसायचा, हात खिशात.

२००९च्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीनं, मनीषानं, घरात कॉम्प्युटर आणला. मनीषा रेल्वेच्या ऑफिसात आहे. बापाला नादी लावायला काहीतरी हवं, एवढाच तिचा विचार. नीलकंठ डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला शिकला. बोट चुकलं तर खोडता येतं आणि खोडल्याची खूण राहत नाही, हे त्याला फार आवडलं. मग एक दिवस मेल लिहिताना त्याला वरच्या पट्टीत रंगांचे चौकोन दिसले.

माझी सून कॉम्प्युटरसमोरून ओरडली, “आई, तुमच्या नावानं काय आलं बघा!” मी चष्मा शोधत गेले. स्क्रीनवर माझ्या तळहाताएवढ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: कलाताई, जय भीम.

मी त्याच संध्याकाळी ऑटो करून कांचघरला त्याच्या घरी गेले.

“मिळालं?” नीलकंठनं दारातच विचारलं.

“मिळालं.”

“लालच दिसलं ना?”

“लाल. आणि हे एवढं थोरलं. सून म्हणाली, आग लागली की काय.”

तो हसायला लागला. कितीतरी दिवसांनी त्यानं दोन्ही हात खिशाबाहेर काढले होते. “देखो ताई, हात वापस आला,” तो म्हणाला.

त्यानंतर सप्टेंबरात मंडळाच्या बैठकीत ठरलं की ‘घागर’ला चाळीस वर्षं होतात, येत्या चौदा एप्रिलला एक प्रयोग करायचा. ठरवणं सोपं होतं. मोतीराम जाऊन आठ वर्षं झाली होती. मूळ वही वाळवीनं खाल्ली होती. जुन्या नकला कोणाकडे उरल्या नव्हत्या. आख्खं नाटक एकाच माणसाच्या डोक्यात होतं: ज्यानं ते तीस-तीस वेळा उतरवून काढलं, त्या नीलकंठच्या. आणि नट चार गावांना पांगलेले. हवालदार करणारा चंद्रशेखर भुसावळला. मी आता सत्तरीची, मी सासू करणार होते. शेवंता करणार होती शैलजा, मोतीरामची धाकटी बहीण.

शैलजाबद्दल सांगायला हवं. एकोणसत्तर साली तिचं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली. पुढच्याच वर्षी भावाचं नाटक आलं. तिनं ते कधी पाहिलं नाही. दर वेळी काहीतरी आडवं यायचं, बाळंतपण, शाळेच्या परीक्षा, आणि नागपूरलाच प्रयोग झाला तेव्हा सासऱ्यांचं आजारपण. तिथं ती मास्तरीण झाली, शाळेत नाटकं बसवली, निवृत्त झाली. आणि आता तिच्या डोळ्यांचा मधला भाग विझत चालला होता. “जे करायचं ते यंदाच करू द्या,” ती मला फोनवर म्हणाली होती. मी शेवंता तिला दिली. देताना थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू. पण भूमिका ही काही गळ्यात घालून न्यायची वस्तू नाही.

नीलकंठ कामाला लागला. सकाळी नऊला बसायचा, अकराला बोट आखडलं की उठायचा, पुन्हा चारला बसायचा. ओळ टाइप करायची, मग तिला रंग द्यायचा, मग आकार. मनीषानं सुचवलं, “बाबा, मी टाइप करून देते ना, तुम्ही सांगा फक्त.” तो म्हणाला, “नक्कल मी करून राहिलो की तू?” चार महिने लागले. जानेवारीच्या शेवटी त्यानं चारही गावांना मेल धाडली आणि मला फोन केला. “गेली, ताई. जशी हातानं करत होतो, तशीच गेली.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याकडे पोहे खात बसले होते आणि शैलजाचा फोन आला. मनीषानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“जय भीम, नीलकंठभाऊ! तीन प्रवेश पाठ झाले.”

“वा! इतक्यात?”

“झाले, पण जीव निघाला हो. एकटीनं एवढं म्हणायचं म्हणजे! पण धाडसी कल्पना आहे तुमची. शेवंताच सगळ्यांच्या आवाजात बोलते. शेवटी शेवटी तर मीच भांडून राहिले, मीच मला धक्का देऊन राहिले, मीच पोलीस बोलावून राहिले आणि मीच मला पकडून नेऊन राहिले!”

नीलकंठनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“शैलजाबाई,” तो हळूच म्हणाला, “तुला हवालदाराचं काहून पाठ करायचं? तुझं लाल आहे. निळं चंद्रशेखरचं.”

“कोणतं लाल?”

 मग एकेक गोष्ट उलगडली. डोळ्यांसाठी शैलजानं आपला कॉम्प्युटर असा लावून घेतला होता की कोणाचीही मेल येवो, ती काळ्या पडद्यावर पिवळ्या, एकाच मोठ्या मापाच्या अक्षरांत उघडे. पाठवणाऱ्यानं घातलेले रंग, आकार, मोकळ्या जागा, सगळं दाराबाहेर राही. तिच्यापर्यंत नुसते शब्द पोचले होते, एकाखाली एक, कोण बोलतंय याचा पत्ता नाही. तिला वाटलं, भाऊंनी एकपात्री केलं.

मला हसू आवरेना. मनीषा तोंडाला ओढणी लावून आत पळाली. नीलकंठ मात्र हसला नाही.

“ते बंद कर,” तो म्हणाला. “जसं मी पाठवलं तसं उघड.”

शैलजानं आमच्यासमोर, म्हणजे फोनवर, ते करून पाहिलं. “उघडलं, भाऊ. पांढरं पान झालं. लाल म्हणजे नुसता धूर दिसतो. निळं आहे की नाही तेच कळत नाही. बारीक अक्षर तर गेलंच. डोळ्यातून पाणी येऊन राहिलं. करते पुन्हा माझं होतं तसं.”

“पण मी चार महिने घातले त्यात!” नीलकंठचा आवाज चढला. “असं कसं करून ठेवलं या लोकांनी? लिहिणार मी आणि कसं दिसायचं ते ठरवणार वाचणारा? खोक्यावरचा छापा कोणी पुसतो काय?”

“मी काय खोका आहे?”

“तसं नाही म्हटलं मी.”

“पत्र तुमचंच आहे, भाऊ. डोळे माझे आहेत.”

तिनं हे रागानं म्हटलं नाही. त्यामुळेच ते जास्त लागलं. दोन दिवसांनी भुसावळहून चंद्रशेखरचा निरोप आला: तो मेल मोबाइलवर बघतो, तिथं सगळं काळंच येतं, हवालदार कुठून सुरू होतो ते कृपया कळवावं.

नीलकंठनं काहीच कळवलं नाही.

नवव्या दिवशी मनीषाचा मला फोन. “आत्या, बाबांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. म्हणतात, नाटक होणार नाही, मंडळाला सांगून दे. तुम्ही या ना.”

मी गेले तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. हात पुन्हा खिशात.

“भांडायला आल्या?” त्यानं विचारलं.

“चहा प्यायला आले. भांडण चहानंतर.”

चहा आला. त्यानं कप घेतला नाही, बशी वाजेल म्हणून. मग मीच बोलले.

“एका बाईचे डोळे गेले म्हणून तू नाटक बंद करतो?”

“तिच्यावर राग नाही माझा.” तो जमिनीकडे बघत होता. “बघा ताई, रंग काढले, लहानमोठं काढलं, तर मागे काय उरलं? नुसते शब्द. ते मोतीरामचे. ते कोणीही टाइप करेल. मनीषा करेल, तिच्या ऑफिसातली कोणीही मुलगी करेल, अर्ध्या दिवसात. मग मी काहून? मी त्यात कुठं आहे?”

 खरं तर मला त्याचंच पटत होतं. माणूस अक्षरातून जसा येतो तसा तो पोचला पाहिजे, कोणी मधेच त्याचे कपडे उतरवू नयेत, असंच मलाही वाटत होतं. कपडे म्हटल्यावर मला कटनी आठवलं.

“कटनीचा प्रयोग आठवतो?” मी म्हटलं. “ट्रंक सतन्याला गेली होती.”

त्याचे ओठ जरा हलले. त्र्याहत्तर साली आमची वेशभूषेची ट्रंक गाडीतून उतरवायची राहिली आणि पुढे सतन्याला गेली. मैदान भरलेलं. हवालदाराकडे ना टोपी, ना पट्टा, ना दंडा. चंद्रशेखर लुंगीवर होता.

“काय केलं त्यानं?” मी विचारलं.

“स्टेजवर गेला आणि बोलला,” नीलकंठ म्हणाला. “‘मी हवालदार आहे. वर्दी धुवायला टाकली म्हणून कोणी फायदा घेऊ नका.’ लोकांनी अर्धा मिनिट टाळ्या मारल्या.”

“वर्दी नव्हती म्हणून त्याला तोंडानं सांगावं लागलं. आणि ते आपल्याला वर्दीहून भारी पडलं. तेव्हापासून दर प्रयोगात तो ते वाक्य म्हणतो. म्हणतो ना?”

 मी उठले, आत जाऊन चादर काढली, मनीषाला कॉम्प्युटर लावायला सांगितला आणि त्याला आत बोलावलं. रंगीत नक्कल पडद्यावर आली. खरंच सुंदर होती. लाल, निळं, हिरवं, जणू आमचं जुनं मंडळच रांगेत उभं. मी एक लाल ओळ दाखवली, अगदी बारीक अक्षरातली.

“ही बारीक काहून?”

“ती सासूला उत्तर देऊन राहिली, पण सासूनं ऐकू नये असं तिला वाटते. घागरीच्या तोंडात बोलून राहिली ती.”

मी थक्क झाले. “घागरीच्या तोंडात? मी तर तीस वर्षं ते पदर तोंडाला लावून म्हणायची!”

“हो. मला ते कधी आवडलं नाही.”

“मग बोलला काहून नाही?”

“लिहिलं तर होतं. बारीक.”

आता मी खुर्ची ओढून बसलेच. “आणि ही मुकादमाची ओळ एवढी मोठी? तो तर शांतपणे बोलतो.”

“आवाज मोठा नाही, तो अंगावर येते. दोन पावलं.” मग त्याची नजर खाली गेली. “मुकादम करणारा नेहमी ओरडायचाच तिथं.”

एकेक ओळ आम्ही खाली जात होतो. तीस वर्षं आम्ही याची नक्कल हातात धरून नाचलो, आणि निम्म्या ठिकाणी आम्ही आपल्याच मनाचं काहीतरी वाचत होतो. तो रंगात बोलत होता. आम्ही फक्त रंग बघत होतो. शेवटी चौथा प्रवेश आला. “पाणी सरकारचं आहे ना, साहेब?” आणि पुढे तीच मोकळी जागा.

“आणि ही?” मी जरा ऐटीत विचारलं. “माझी जागा.”

नीलकंठ घुटमळला. कान चोळला.

“सांग ना.”

“ताई, त्या पहिल्या नकलेत तिथं शाई सांडली होती. पान फाडून पुन्हा करायला वेळ नव्हता. म्हणून डाग सोडून खाली लिहिलं. पुढं तुम्हाला टाळ्या मिळाल्या, तर मग दर नकलेत तेवढी जागा सोडत गेलो.”

 इटारसीच्या टाळ्या, नागपूरच्या टाळ्या. एका डागाच्या! आणि मग मी जी हसायला लागले ती डोळे पुसेपर्यंत हसले. मनीषा धावत आली. नीलकंठ घाबरून म्हणाला, “बुरा नका मानू, ताई,” आणि तोही हसायला लागला.

हसू ओसरल्यावर मी त्याला म्हटलं, “आता तू जे जे मला तोंडानं सांगितलं ना, तेच लिही. घागरीच्या तोंडात. दोन पावलं पुढे. हे कोणाच्या ऑफिसातली मुलगी टाइप करणार आहे? हे तुझ्याशिवाय कोणाला माहीतच नाही.”

“ते तर नाटकात नसते.”

“तुझ्या नकलेत होतं. फक्त तू ते कोणाला वाचू दिलं नाही.”

 मग डावा हात पुढे करून त्यानं एक नवीन, कोरी मेल उघडली.

पुढचे तीन आठवडे मी रोज कांचघरला जात होते. मी ओळ म्हणायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मग एका बोटानं साध्या काळ्या अक्षरांत टिपायचा. आधी नाव, मग कसं, मग ओळ. शेवंता: घागर कमरेवरच ठेवायची, खाली ठेवली की ती हरली. हवालदार: वहीत बघून बोलतो, तिच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत नाही. सासू: रागावलेली नाही, घाबरलेली आहे. ही शेवटची टीप वाचून मी माझी सासू पहिल्यापासून नव्यानं बसवायला घेतली. मोतीरामनं तालमीत बसून सांगितलेलं कितीतरी त्यात होतं, जे नीलकंठनं तेव्हा ऐकून रंगात घातलं होतं आणि आमच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं.

होळीनंतर ती मेल गेली. दुसऱ्या दिवशी शैलजाचं उत्तर आलं. नीलकंठनं मला फोनवर वाचून दाखवलं: “भाऊ, काल रात्री सून भाकरी करत होती, तिच्या पाठीमागे बसून सगळं वाचलं. दादा घरात कसा बोलायचा ते आठवलं. शेवंता कोण आहे ते आता कळलं. हवालदारही मला पूर्ण पाठ आहे, चंद्रशेखरना सांगा, तब्येत सांभाळून राहा.”

“पुढं वाचू?” तो म्हणाला. पुढे एकच ओळ होती: “ही नक्कल दुसरी कोणाची असूच शकत नाही.”

नीलकंठनं रंग सोडले असं समजू नका. कलावंत माणूस, त्याला आपली हौस आहे. मला येणाऱ्या मेल अजूनही लालभडक असतात आणि माझी सून अजून दचकते. पण मंडळाला काही पाठवायचं असलं की आता तो वर साधं लिहितो, खाली रंगीत जोडतो आणि सुरुवातीला एक ओळ टाकतो: “रंग पाहिजे असेल तर खाली आहे. नसेल पाहिजे तरी नाटक पूर्ण आहे.” मला विचाराल तर मेल बनवणाऱ्या हुशार पोरांनी एवढंच करावं. ज्याला सजवायचं त्याला सजवू द्यावं, आणि ज्याला सजावट उतरवून वाचायचं त्याचा हात धरू नये. मात्र उतरवल्यावर आत माणूस सापडला पाहिजे, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची.

दहा एप्रिलला सगळे जबलपूरला जमले. तालीम विहारामागच्या हॉलमध्ये. शैलजा चौकटीला हात लावून, पावलं मोजत आत आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, “ताई, तुमची जागा घेऊन राहिले, राग नाही ना?” मी म्हटलं, “जागा कसली, बाई, तो डाग होता,” आणि तिला काहीच कळलं नाही. नीलकंठ समोर खुर्चीवर बसला होता. हातात कागद नाही. त्याला लागत नव्हता.

तीन प्रवेश झाले. शैलजा चांगली करत होती. खरं सांगायचं तर घागरीच्या तोंडात बोलताना माझ्याहून चांगली. चौथा प्रवेश लागला. लुंगीतला चंद्रशेखर वहीत बघत उभा. घागर कमरेवर. तिनं विचारलं, “पाणी सरकारचं आहे ना, साहेब?”

आणि ती थांबली. मी नकळत मोजायला लागले. पण तिनं मान वळवून नीलकंठ बसला होता त्या बाजूला केली.

“भाऊ, इथं तुम्ही काहीच लिहिलं नाही. बाकी सगळीकडे आहे. राहून गेलं का?”

“नाही,” नीलकंठ म्हणाला. “मुद्दाम सोडलं. तिथं तुझं तू बघ.”

 शैलजा घागर घट्ट धरून परत दाराशी गेली आणि म्हणाली, “चंद्रशेखरभाऊ, मी येते तिथपासून घेऊ या.”